बाइकचं इंजिन किट कारमध्ये बसवताना पार्ट निवडायची सुरुवात मागच्या चाकापासून करा

प्रश्न असा आहे: कोल्हापुरातला पाच जणांचा ग्रुप ट्यूबच्या चेसिसवर दोन सीटची छोटी गाडी बांधतोय. रिकामं वजन ४५० किलोच्या आसपास जाईल. हब, चाकं आणि १४५/७० आर १२ टायर मारुती ८०० चे आहेत. केटीएमच्या ३९० ड्यूक बाइकचं इंजिन बऱ्या भावात मिळतंय. ते घेतलं तर स्प्रॉकेट (चेनचं दातांचं चाक), चेन, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, थोडक्यात डिफ), एक्सल, रिव्हर्स हे सगळं कोणतं घ्यायचं, आणि आधी काय घ्यायचं?

आधी काय, हाच यातला खरा प्रश्न आहे. बहुतेक जण इंजिन आणतात, ते चेसिसमध्ये दिसायला बरं वाटेल अशा जागी ठेवतात, मग बाकीचे पार्ट त्याला जुळवत बसतात. हे उलटं करा. बाइकचं इंजिन बनवताना कंपनीने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. गाडी हलकी असणार, वळणावर झुकणार, मागे एकच चाक असणार आणि मागे घ्यायची झाली तर पायाने ढकलणार. तुमच्या गाडीत यातलं एकही खरं नाही. त्यामुळे निवडायचा प्रत्येक पार्ट या चारपैकी कशाला तरी उत्तर असतो. यात वजनाचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण क्लच जळतो तो त्याच्यामुळे.

सुरुवात टायरपासून. १४५/७० आर १२ चा व्यास कागदावर ५०८ मिमी येतो, म्हणजे परीघ १.५९ मीटर. वजनाखाली टायर दबतो, म्हणून प्रत्यक्षात १.५५ मीटर धरा. स्वतः मोजलात तर उत्तमच: टायरवर आणि फरशीवर खडूने खूण करा, गाडीत दोन माणसांचं वजन ठेवा, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत ढकला आणि टेपने अंतर घ्या.

आता ३९० चे रेशो, म्हणजे आधीच्या शाफ्टचे किती फेरे झाले की पुढचा एक फेरा घेतो ते. प्रायमरी (क्रँकपासून क्लचपर्यंतचा) ८०:३०, म्हणजे २.६७. पहिला गिअर ३२:१२, तोही २.६७. सहावा २१:२५, म्हणजे ०.८४. बाइकवर पुढे १५ आणि मागे ४५ दात, म्हणजे फायनल (चेनचा रेशो) ३.०. हाच फायनल तुमच्या गाडीत ठेवला तर ९००० आरपीएमला सहाव्यात ताशी १२४ किमी येतात. चाक लहान असल्यामुळे बाइकचा फायनल कारलाही चालतोय असं वाटतं, आणि बरेच जण इथेच थांबतात.

पण क्लचचा हिशेब करून बघा. गाडी उठताना ४००० आरपीएमवर क्लच सोडला, तर प्लेटा पूर्ण पकडेपर्यंत गाडीत जेवढी गतिज ऊर्जा येते, साधारण तेवढीच उष्णता प्लेटांवर निघते. बाइक आणि चालक मिळून २३५ किलो धरले, तर पहिल्या गिअरला क्लच पकडतो तेव्हा वेग ताशी २२ किमी असतो आणि ऊर्जा ४.४ किलोज्यूल. तुमची गाडी चालकासह ५२५ किलो. फायनल ३.० ठेवला तर क्लच ताशी १७ च्या थोडं वर पकडतो, पण उष्णता ६.२ किलोज्यूल निघते. म्हणजे प्रत्येक वेळी उठताना प्लेटांवर बाइकपेक्षा ४० टक्के जास्त ताप. दोन-चार वेळा जोरात उठवलं की तेलाला जळका वास येतो, पुढे गिअर टाकून रेस केली की आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही.

यावर जाड स्प्रिंगा हा अर्धाच उपाय. त्याने पकड वाढते, उष्णता तेवढीच राहते. खरा उपाय फायनल बदलणं. मागे ५३ दातांचं स्प्रॉकेट घेतलं आणि पुढचं मूळचं १५ चंच ठेवलं, तर रेशो ३.५३ होतो. आता क्लच ताशी १५ ला पकडतो आणि ऊर्जा ४.४ किलोज्यूल, म्हणजे बाइकवर होती तेवढीच. टॉप स्पीड १०६ वर येतो. आपल्याकडच्या छोट्या ट्रॅकवर याहून जास्त वेग मिळवायला सरळ रस्ताच पुरत नाही, त्यामुळे हा सौदा डोळे झाकून करावा. शेजारी दुसरा माणूस बसला तर क्लचवरची ऊर्जा ५ किलोज्यूलच्या पुढे जाते. म्हणून दोघांना घेऊन वारंवार स्टार्ट मारायचे नाहीत, हे ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून ठेवा.

पुढचं १३ दातांचं लावून रेशो मिळवण्याचा मोह होईल, कारण ते स्वस्त आणि लगेच मिळतं. ते नको. लहान स्प्रॉकेटवर चेनचा कोन जास्त मोडतो, धक्के बसतात, आणि चेनवरचा ताणही वाढतो. १५ दातांवरसुद्धा पहिल्या गिअरला ३५ न्यूटन-मीटर पूर्ण लागले तर चेनवर जवळपास ६६० किलोचा ओढा येतो. गाडीच्या वजनापेक्षा जास्त! चांगल्या ५२० चेनची तुटण्याची ताकद याच्या चौपटीहून जास्त असते, पण क्लच झटक्यात सुटला की हा ताण क्षणात दुपटीवर जातो. म्हणून ओ-रिंगवाली, नावाजलेल्या कंपनीची ५२० चेन घ्या. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्हींचा पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) एकच, १५.८७५ मिमी, फरक फक्त रुंदीचा. त्यामुळे ५३० ची चेन ५२० च्या दातांवर बसलेली दिसते, पण बाजूला डुलते आणि दात एका बाजूने खाते. आणि जॉइंट क्लिपचा नको, रिव्हेटचाच.

५३ दातांच्या स्प्रॉकेटला एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. पिच व्यास (चेनच्या पिना फिरतात त्या वर्तुळाचा) २६८ मिमी, दातांसकट साधारण २७६. एक्सलचा मध्य जमिनीपासून २४५ मिमीवर असेल तर स्प्रॉकेटचा तळ १०७ मिमीवर येतो. तुमच्या चेसिसची खालची ट्यूब १२० वर असेल तर स्प्रॉकेट खाली डोकावणार आणि ट्रॅकच्या कर्बवर पहिलं तेच आपटणार. म्हणून डिफरन्शियल चाकाच्या मध्यापासून २५ मिमी वर बसवा. ३५० मिमीच्या शाफ्टला त्याने ४ अंशाचा कोन येतो, तो जॉइंटला सहज झेपतो. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण सुटल्यावर कोन किती होतो, हे मात्र स्प्रिंग काढून, चाक हाताने वर-खाली करून तपासा.

चेनची लांबी अंदाजाने नको. दोन्ही स्प्रॉकेटच्या मध्यांमध्ये ३५० मिमी अंतर धरलं, तर १५ आणि ५३ साठी हिशेब ७९.७५ कड्यांचा येतो. कड्या सम लागतात, म्हणून ८० घ्या आणि अंतर ३५२ करा. अर्धी कडी लावून जुळवू नका, चेनची ताकद तिथेच पडते. बाइकवर सस्पेन्शन हलतं म्हणून चेन बरीच सैल ठेवावी लागते. तुमच्या गाडीत इंजिन आणि डिफ दोन्ही चेसिसलाच बसलेले असल्याने अंतर बदलत नाही. मधोमध ७ ते १० मिमी चाल पुरे. त्याहून घट्ट केली तर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं, आणि ते बदलायचं म्हणजे क्रँककेस उघडणं आलं.

आता डिफरन्शियल. मारुती ८०० चं डिफ भंगारात स्वस्त मिळतं, हलकं आहे आणि तुमच्या हबचे जॉइंट त्याला चालतात, म्हणून तेच घ्या. पण ते मूळ गिअरबॉक्सच्या तेलात चालतं हे विसरायचं नाही. क्राउन गिअर (डिफला फिरवणारा मोठा गिअर) काढून त्याच्या जागी स्प्रॉकेटचा कॅरिअर (स्प्रॉकेट धरणारा भाग) बसवला आणि डिफ उघड्यावर ठेवलं, तर आतले छोटे गिअर ग्रीसवर फार दिवस टिकत नाहीत. वळणावळणाच्या ट्रॅकवर ते सतत फिरतात. पिन आधी निळी पडते, मग झिजते, शेवटी गिअर जाम होतो. म्हणून त्याला बंद केसिंग लागतं: दोन भागांचं, दोन्ही बाजूंना बेअरिंग, तीन ठिकाणी ऑइल सील, आत ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल. तिसरा सील कॅरिअरच्या नळीवर चालतो, जिथून स्प्रॉकेट बाहेर येतं. ती नळी ग्राइंड करून गुळगुळीत केलेली हवी. लेथच्या टूलच्या रेघा राहिल्या तर सील पहिल्याच दिवशी तेल सोडतो आणि ते सगळं चेनवर उडतं.

शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला ओळखीची फौंड्री असली तर केसिंग ओतून घ्यावंसं वाटेल. एकाच गाडीसाठी नका ओतू. पॅटर्नचा खर्च आणि आतल्या पोकळीचा धोका पाहता ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधून मिलिंग करून घेणं स्वस्त पडतं. बेअरिंगची दोन्ही भोकं मात्र एकाच सेटिंगमध्ये, दोन्ही भाग बोल्टने जोडून, बोअर करायला सांगा. वेगवेगळी बोअर केलेली भोकं एका रेषेत येत नाहीत आणि डिफ हाताने फिरवताना एका जागी अडतं. डिलिव्हरी घेताना हाताने फिरवून बघा. कुठेही जड लागलं तर परत द्या.

स्प्रॉकेट ईएन८ पोलादाचं, दात इंडक्शनने कडक केलेलं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं असतं पण लवकर झिजतं आणि चेन घेऊन जातं. बसवायला सहा एम८ बोल्ट, १०.९ ग्रेडचे. ताण बोल्टच्या आट्यांवर न येता कॅरिअरच्या खांद्यावर यावा असं मशिनिंग करा.

एक्सल शाफ्टबाबत एकच गोष्ट, पण ती ठामपणे: कापून वेल्ड करू नका. उद्यमनगरातला चांगल्यातला चांगला वेल्डर असला तरी नाही. मूळ शाफ्ट वरून कडक केलेला असतो. वेल्डच्या शेजारची जागा उष्णतेने ठिसूळ होते आणि तो तिथेच, बहुतेक वेळा क्लच सोडताना, पीळ पडल्यासारखा तिरका तुटतो. ईएन२४ पोलादातून नवीन शाफ्ट करून घ्या, हार्डनिंग-टेम्परिंगसह. स्प्लाइनचे दात आणि माप कुठल्या यादीवरून न देता तुमच्या हातातला जॉइंट टर्नरकडे नेऊन द्या. डिफ मधोमध बसणार नाही, चेनच्या रेषेमुळे ते एका बाजूला सरकेल. म्हणून दोन शाफ्टची लांबी वेगळी येईल आणि ते चालतं. आतल्या जॉइंटला दोन्ही बाजूंना सरकायला जागा उरते का, तेवढं पाहा. शाफ्ट लांब झाला तर सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर तो डिफवर आपटतो.

इंजिन आणि डिफ एकाच सबफ्रेमवर (चेसिसला जोडलेल्या छोट्या वेगळ्या फ्रेमवर) हवेत. इंजिन रबरावर आणि डिफ चेसिसला घट्ट, असं केलं की ओढ लागताच इंजिन मागे सरकतं, चेन सैल पडते आणि दातांवर चढते. म्हणून इंजिन सबफ्रेमला थेट बोल्टने बसवा, आणि कंप फार वाटला तर सबफ्रेम चेसिसला रबरावर ठेवा. ३९० एका सिलिंडरचं आहे, बॅलन्सर असला तरी कंप येतोच. ब्रॅकेटला कोपऱ्यात तडा जातो, पट्टीच्या मधे नव्हे, म्हणून कोपऱ्यात गसेट (आधाराची तिकोनी पट्टी) द्या. डिफच्या प्लेटा ६ मिमीच्या, बोल्टची भोकं लांबट आणि मागून ढकलायला जॅक बोल्ट. नुसत्या लांबट भोकांवर विसंबलात तर ओढ लागली की प्लेट सरकते. चेनची रेषा बघायला दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडाला सरळ पट्टी लावा. १ मिमीच्या आत फरक हवा. सुताने मोजणाऱ्या मिस्त्रीला हे आधी सांगा, कारण एक सूत म्हणजे तीन मिमीच्या वर जातं.

चेन तुमच्या पाठीमागे फिरणार आहे, त्यामुळे गार्ड हा शोभेचा पार्ट नाही. फॉर्म्युला एसएईच्या (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेस कारच्या स्पर्धेच्या) नियमात २.६६ मिमी जाडीची, चेनच्या तिप्पट रुंदीची स्टीलची पट्टी मागतात. तेवढीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तुटलेली चेन अडवत नाही.

तेलाचं काय? बाइक वळणावर झुकते, म्हणून तेल चेंबरच्या तळाशीच राहतं. कार झुकत नाही. १ जीच्या वळणावर (बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा झाला की) तेलाची पातळी ४५ अंशांनी एका बाजूला चढते, पिकअप (पंपाचं तेल ओढणारं तोंड) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. लांब वळणावर हे तीन-चार सेकंद टिकलं तर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग जातं. आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो. उपाय: पिकअपभोवती २ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, तिला आत उघडणारी छोटी झडप, म्हणजे तेल आत येतं पण बाहेर पळत नाही. ऑइल प्रेशरचा लाल दिवा डॅशवर सरळ डोळ्यासमोर आणि मोठा लावा. पातळी वाढवून ठेवणं हा उपाय मानू नका. जास्त तेल क्रँकच्या फेऱ्यात येऊन फेसाळतं आणि फेस दाब धरत नाही. तेल जासो एमए२ चंच (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा). कारचं तेल घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे ओला क्लच घसरतो, आणि लोक उगाच प्लेटांना दोष देतात.

इंजिन बाइकवर ज्या कोनात होतं त्याच कोनात बसवा. जागा वाचवायला मागे कलवलं की पिकअप, ब्रीदर आणि तेलाची काच तिन्ही चुकतात.

इंजिन विकत घेताना वर्ष बघा. २०१३ ते २०१६ च्या ड्यूकला थ्रॉटलची केबल आहे. २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आलं, आणि ते पायाच्या पेडलला जुळवणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. केबलवालं घ्या. नुसतं इंजिन कधीच घेऊ नका: ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, चावी, थ्रॉटल बॉडी, पेट्रोल पंपाचं मॉड्यूल, सायलेन्सरचा सेन्सर, साइड स्टँडचा आणि क्लचचा स्विच, गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर, सगळं एकाच गाडीचं. तो पडण्याचा सेन्सर मूळच्याच दिशेने आणि उभा बसवा. आडवा लावला तर ईसीयूला गाडी कायम पडलेलीच दिसते आणि इंजिन सुरूच होत नाही. इंजिन सुरू करून दाखवायला सांगा, सगळे सहा गिअर टाकून बघा, पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट हलवून चाल बघा, तेल काढून चुंबक फिरवा. आणि बिल, तसंच आरसी रद्द केल्याचा कागद घ्या. इंजिन नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर सगळी मेहनत पोलीस ठाण्याच्या आवारात जाते.

दोघांनी मिळून फिरायचंच असेल, तर ३९० पेक्षा रॉयल एनफिल्डचं ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन माझ्या मते जास्त शोभतं. ५२ न्यूटन-मीटर ५२५० आरपीएमलाच मिळतात, त्यामुळे गाडी कमी आरपीएमवर उठते आणि क्लचची उष्णता आरपीएमच्या वर्गाने कमी होते. पण ते जड आहे, आणि हवेने-तेलाने थंड होतं. गाडीच्या मागच्या पोटात त्याला हवा लागणार नाही, डक्ट आणि पंखा दोन्ही लागतील. एकट्याची हलकी गाडी असेल तर ३९० बरं.

३९० ला पाणी आहे, त्यामुळे रेडिएटर इंजिनच्या बाजूलाच, साइड पॉडमध्ये ठेवा. नाकात ठेवलं तर पाइप लांबतात, बाइकचा छोटा पंप तेवढं ढकलत नाही आणि मधे हवा अडकते. पाण्याची टाकी सगळ्यांत उंच जागी.

गिअरची काडी इंजिनपासून लिव्हरपर्यंत सरळ रॉडने आणि बॉल जॉइंटने न्या. सोडल्यावर लिव्हर स्वतःहून मधे आला पाहिजे. घर्षणाने तो अर्ध्यात थांबला की पुढचा गिअर पडत नाही आणि दोष गिअरबॉक्सला जातो. क्लच पेडलखाली स्टॉपर लावायलाच हवा. बाइकची केबल बोटांच्या ताकदीसाठी आहे, पायाच्या जोराने ती ताणते किंवा इंजिनवरची क्लचची काडी वाकवते.

रिव्हर्ससाठी सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे कारचा स्टार्टर मोटर आणि कॅरिअरवर बसवलेली रिंग. सपाट जागेवर एक्सलला १९ न्यूटन-मीटर पुरतात, ५ टक्के चढावर ८० च्या पुढे लागतात, म्हणजे पिट लेनपुरतं काम होतं, घाटात नाही. स्टार्टर ज्या बाजूने तोंड करून बसवाल त्यावर दिशा ठरते, हे मशिनिंगच्या आधी टेबलावर तपासा. वायर न्यूट्रलच्या स्विचमधून रिलेला द्या, म्हणजे गिअरमध्ये असताना रिव्हर्स लागणार नाही. सलग दहा सेकंदांहून जास्त चालवू नका, आणि बॅटरी बाइकची न घेता ३५ एएचची कारची घ्या.

ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि नवीन वाहनाच्या मंजुरीसाठीचा नियम १२६ पाहता घरी बांधलेल्या एका गाडीला नंबर मिळवणं व्यवहारात होत नाही. ट्रेलरवर घालून बंद ट्रॅकवर न्यायची.

पहिल्या दिवशी २० किमी चालवा आणि थांबा. स्प्रॉकेटचे सहाही बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, चेनची चाल मोजा; नवी चेन एवढ्यात बसते आणि सैल होते. पुढे २० कड्यांची लांबी मोजत राहा: नवी असताना ३१७.५ मिमी, ३२२ च्या पुढे गेली की बदला, कारण ५३ दातांवर ताणलेली चेन लवकर चढते. पंचगंगेला पाणी येण्याच्या दिवसांत गाडी नुसती उभी राहिली तरी दर आठवड्याला चेनला तेल द्या.